अकरा जणांचे अर्ज

फॉर्म सिक्सच्या विज्ञान वर्गातून जो जो निघून जाई, त्याला सोडण्याची सही पुवनेश्वरीची असे. शाळेचा नियमच तसा होता. जाणाऱ्याने पुस्तकं वर्गप्रमुखाकडे परत करायची, वर्गप्रमुखाने पानं फाटली आहेत का बघून कागदावर सही करायची, मगच ऑफिसातून दाखला मिळायचा. आणि वर्गप्रमुख होती पुवना. पहिल्या दिवशी तेरा जण हजर झाले होते, दोन महिन्यांत सहा उरले. कुणाला पॉलिटेक्निकात जागा मिळाली, कुणाला मामाने पैसे भरून खासगी कॉलेजात टाकलं, एकाला सिंगापुरात कामच लागलं. प्रत्येक जण भौतिकशास्त्राचं ते विटेएवढं पुस्तक तिच्या बाकावर ठेवी, ओशाळं हसे आणि म्हणे, "तूही निघशील गं लवकरच. तुझं अपील चालू आहे ना?"

"हो," असं म्हणून पुवना सही करी.

अपील करण्यासारखं काही नव्हतंच, आणि हे साऱ्या सुंगाई लिपान गावात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, असं ती धरून होती.

शाळेची शेवटची परीक्षा झाली की पोरांपुढे दोन सरकारी रस्ते असत. एक मॅट्रिकुलेशन कॉलेज. एका वर्षाचं काम, राहणं-जेवणं फुकट, परीक्षाही बेताची, आणि पुढे थेट विद्यापीठ. त्यावर उड्या पडत. दुसरा फॉर्म सिक्स. आपल्याच जुन्या शाळेत, दीड वर्ष, आणि परीक्षा अशी की भल्याभल्यांना घाम फुटावा. पहिल्या रस्त्यावरच्या जागा जमातींप्रमाणे आधीच वाटलेल्या. मलाय लोकांचा वाटा मोठा, उरलेल्यात चिनी आणि तमिळ. यावरून दरवर्षी चहाच्या टेबलांवर वाद होत आणि दरवर्षी पेपरात कुण्या हुशार तमिळ पोरीचा रडवेला फोटो येई. म्हणून नऊ विषयांत ए मिळवलेल्या पुवनाचं नाव यादीत नाही म्हटल्यावर तिला कोणी कारण विचारलंच नाही. कारण सगळ्यांपाशी तयार होतं.

खरं कारण एवढंच होतं, की तिने अर्ज पाठवलाच नव्हता.

आता नऊ ए मिळवणारी पोर अर्ज पाठवायला विसरते, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण ते घडलं ते असं. अर्ज भरायचे ते कॉम्प्युटरवर, आणि त्यात एवढी पानं, एवढे रकाने की पोरं घाबरून जायची. पुवनाने तिच्या मैत्रिणीचा, सलवानीचा अर्ज भरून दिला. ते बघून दुसरी आली, मग तिसरा. तीन दिवस शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत तिच्या खुर्चीमागे रांग होती. "पुवना, माझा पण बघ ना." "पुवना, बापाचा पगार कुठे लिहायचा?" "पुवना, तू नसतीस तर मेलो असतो." आई गेल्यापासून घरात ती आणि अप्पा, आणि अप्पा दिवसभर पामतेलाच्या गिरणीत. इतक्या माणसांना आपण एकदम हवेसे झालोय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ते तिला आवडलं. खरं सांगायचं तर फारच आवडलं.

अकरा जणांचे अर्ज भरून झाल्यावर तिने स्वतःचा उघडला. सगळी पानं भरली, शेवटच्या पानावर आली, तोच पहारेकरी किल्ल्या खुळखुळवत दारात उभा राहिला. तिने अर्ज नुसता जतन केला, पाठवायचं बटण उद्या दाबू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणीतरी रडत आलं, अर्जात त्याचा ओळखपत्राचा नंबर चुकला होता. तो तिने निस्तरला. आणि आपलं तर झालेलंच आहे, असं तिच्या मनाने धरून टाकलं. मुदत संपून चार दिवस झाल्यावर पोच छापून घ्यायला गेली, तेव्हा पडद्यावर पोच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अप्पाला त्या दिवशीच सांगायचं तिने ठरवलं होतं. मग परीक्षेच्या निकालानंतर सांगायचं ठरवलं. मग मॅट्रिकुलेशनची यादी लागली, त्या अकरा जणांपैकी नऊ जणांची नावं आली, आणि पुवना तोंड उघडणार एवढ्यात तिचा अप्पा मुनियाण्डी उघड्या अंगाने दारात जाऊन शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागला होता, "बघा, नऊ ए. नऊ ए घेऊनसुद्धा. आपल्या पोरांचं हे असंच करायचं ठरवलंय यांनी."

त्यानंतर खरं बोलायला जागाच उरली नाही. शेजारणी येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. एकीने मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा आणला. पुवना तो पुढ्यात घेऊन बसून राहिली, आणि त्या रात्री तिला वाटलं की आपण आता या गावात कोणाशीच खरं बोलू शकत नाही, म्हणजे आपलं आता कोणीच नाही.

सगळ्यात वाईट झालं ते हाशिमचं. सलवानीचा बाप हाशिम मलाय, मुनियाण्डी तमिळ, पण दोघे एकाच गिरणीत, एकाच पाळीला, एकोणीस वर्षं. एक बॉयलरवर, एक फिटर. सुट्टीचा भोंगा झाला की गेटासमोरच्या मामकच्या, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या, टपरीवर एकाच टेबलाशी बसून चहा. पुवनाची आई गेली तेव्हा चाळीस दिवस हाशिमच्या घरून भात येत होता, त्यात मांस नाही हे हाशिमची बायको स्वतः झाकण उघडून दाखवी. सलवानीला पाच ए मिळाले होते आणि तिचं नाव यादीत आलं होतं. यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मुनियाण्डी त्या टेबलाशी गेला, पण बसला नाही.

"अभिनंदन रे हाशिम," तो म्हणाला. "पाच ए म्हणजे फार झाले. माझ्या पोरीकडे नऊ आहेत, पण चुकीच्या घरात जन्मली बिचारी."

टपरीवर सगळे ऐकत होते. हाशिमने कप खाली ठेवला. "मुनी, बस तरी."

"कशाला? तुमच्या शेजारी बसायला पण अर्ज करावा लागत असेल."

त्या दिवसापासून मुनियाण्डी दुसऱ्या टेबलाशी, हाशिमकडे पाठ करून चहा प्यायला लागला. रोज काहीतरी टोमणा मारायचा, भिंतीला सांगितल्यासारखा, पण हाशिमला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. हाशिम कधी उलटून बोलला नाही. घरी येऊन मुनियाण्डी हे सगळं पुवनाला रंगवून सांगे. तिच्यासाठी भांडल्याचं समाधान त्याच्या तोंडावर असे, आणि ती मान खाली घालून नुसता भात कालवत राही. सलवानीचे कॉलेजातून निरोप येत. 'फोन घे ना.' 'पुवना, मी काही म्हणणार नाही, फक्त फोन घे.' पुवना ते वाचून फोन उशीखाली सरकवी.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तलैवर घरी आले. म्हणजे देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष सिवलिंगम. त्यांच्या टायरच्या दोन दुकानांमुळे आणि पक्षातल्या ओळखींमुळे गाव त्यांना तलैवरच, म्हणजे पुढारीच, म्हणे. ते आले की मुनियाण्डी घरातली एकुलती एक गादीची खुर्ची पुसून ठेवी.

"मुनियाण्डी, तुझ्या पोरीचं नशीब उघडलं," तलैवर खुर्चीत मावता मावता म्हणाले. "मॅट्रिकुलेशनचं अपील गेलं खड्ड्यात. शहरातल्या एका कॉलेजच्या मालकाशी बोललो. फॉर्म सिक्सऐवजी चालतं ते फाउंडेशनचं वर्ष, सगळं माफ. फी माफ, वसतिगृह माफ. पुढे इंजिनिअरिंगलाही अर्धी माफी. का? तर अन्याय झालेली मुलगी म्हणून."

पुवना स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती. फाउंडेशनचं वर्ष. तेरातले सात निघून गेले होते, आणि उरलेल्या सहांतले दोघे पुढच्या महिन्यात जाणार होते. त्यानंतर वर्ग ठेवायचा की चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत हलवायचा, ते वरून ठरणार होतं. आणि इथे कोणीतरी तिला उचलून थेट पलीकडे नेऊन ठेवायला तयार होतं.

"बोल की गं काहीतरी," अप्पा म्हणाला.

"अंकल, मला काय करावं लागेल?"

"काही नाही. रविवारी दहाला देवळात ये. पेपरवाले येणार आहेत. फोटो काढतील. आणि तुझ्या मॅट्रिकुलेशनच्या अर्जाची पोच आण, नंबर दिसला पाहिजे. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, हिने अर्जच केला नव्हता." तलैवर स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसले, आणि मुनियाण्डीही हसला.

रविवारपर्यंतचे चार दिवस पुवनाने कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. पोच हरवली म्हणता येईल, असं तिला सुचलं. अकरा जणांपैकी कोणाची तरी पोच मागून त्यावर आपलं नाव घालता येईल, असंही सुचलं. ते सुचल्यावर मात्र तिला स्वतःचीच भीती वाटली. फोटो काढतील. त्याखाली अन्याय झाल्याचं छापून येईल. सलवानी वाचेल, तिच्या खोलीतल्या पोरी वाचतील. मग पुढच्या वर्षी खरोखर अन्याय झालेली कोणी पोर आली, की लोक म्हणतील, बघू आधी पोच. आणि अप्पा मरेपर्यंत हाशिमकडे पाठ करून चहा पीत राहील. जागा चांगली होती, पण तिथे रोज सकाळी उठून अन्याय झालेली मुलगी व्हावं लागलं असतं.

रविवारी सकाळी मुनियाण्डी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होता. हा सदरा तो फक्त देवळातल्या लग्नांना घाली.

"पोच कुठे ठेवलीस? पत्र्याच्या पेटीत बघितली, नाही सापडली."

"अप्पा, पोच नाहीये."

"हरवली? मग नंबर तरी सांग. तलैवर काढून घेतील कुठून तरी."

"मिळालीच नव्हती. अर्ज गेलाच नाही."

मुनियाण्डीने मान वर केली. "म्हणजे? अडवला त्यांनी?"

"कोणी नाही अडवला. मीच पाठवला नाही, अप्पा. शेवटचं बटण दाबायचं राहिलं. विसरले मी."

इस्त्री सदऱ्यावर तशीच होती. ती पुवनाने उचलून उभी केली. कापड पिवळं पडता पडता वाचलं.

"विसरलीस," तो म्हणाला. "आणि बाकीच्यांचे?"

"बाकीच्यांचे पाठवले. अकराही."

"हाशिमच्या पोरीचा?"

"तिचा सगळ्यात आधी."

तो ओरडेल, असं तिला वाटलं होतं. एक थप्पड मारेल, असंही वाटलं होतं, आणि ती चालली असती. तो नुसता पलंगाच्या कडेवर बसला आणि बनियनच्या टोकाने चष्मा पुसत राहिला.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. तुम्ही दारात जाऊन बोलायला लागलात. शेजारपाजारचे जमले. मग मला जमलंच नाही."

"म्हणजे माझंच चुकलं."

"नाही अप्पा. माझंच चुकलं. सगळं माझंच."

त्याने तलैवरांना फोन लावला. पुवना भिंतीला टेकून ऐकत होती. "नाही, येत नाही आम्ही. पोरीला फॉर्म सिक्सच करायचंय. हो, माझाच विचार बदलला. नाही, मला कोणी दम दिलेला नाही." पलीकडून तलैवरांचा आवाज घरभर ऐकू येत होता. पेपरवाले येऊन बसलेत, कॉलेजवाल्याला काय तोंड दाखवू, तुझ्यासारख्या भित्र्यांमुळेच आपली जात मागे राहिली, कोणी किती चारले तुला. मुनियाण्डी प्रत्येक वाक्याला "हो, तलैवर" म्हणत गेला आणि शेवटी पलीकडूनच फोन ठेवला गेला.

"तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं?"

"ते गावभर करतील. मग तुला सगळे हसतील." तो सदऱ्याची घडी घालू लागला, इस्त्री अर्धीच झालेली. "मला भित्रा म्हणू दे. मला कुठे परीक्षा द्यायचीय." आणि मग सदऱ्याकडेच बघत म्हणाला, "पण हाशिमला आता कोणत्या तोंडाने..." वाक्य त्याने पुरं केलं नाही.

ते पुरं करायला पुवना चपला घालून निघाली. हाशिमचं घर नदीच्या बाजूला, चालत वीस मिनिटांवर. तो मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी तारेने बांधत होता.

"पाकचिक," तिने हाक मारली. ती लहानपणापासून हाशिमकाकाला पाकचिकच म्हणायची.

त्याने वळून पाहिलं, आणि जणू ती कालच येऊन गेली होती अशा आवाजात म्हणाला, "जेवलीस?"

"जेवले," ती म्हणाली. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. "मला काहीतरी सांगायचंय."

"बस तिथे. ती पक्कड दे आधी."

तिने पक्कड दिली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. अर्ज, पहारेकरी, पोच, अप्पा, तलैवर. हाशिम तार पिळत होता. तिचं संपलं तेव्हा त्याने उरलेलं टोक कापलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

पुवनाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"यादी लागली त्याच रात्री कळलं. आमची सलवानी तुझ्यासाठी भांडायला निघाली होती. तुझ्या ओळखपत्राचा नंबर तिला पाठ. तो टाकून बघितला, तर आलं की या नंबरचा अर्जच नाही. रडली पोर. बापाला म्हणाली, अयाह, माझा अर्ज भरता भरता तिचा राहिला."

"आणि तुम्ही अप्पांना सांगितलं नाहीत?" तिचा आवाज चढला. "दोन महिने? रोज त्यांचं ते सगळं ऐकून घेत होतात?"

"मग काय करणार?" हाशिम पक्कड पुसू लागला. "तुझ्या बापाला कोणावर तरी रागवायचं होतं. माझ्यावर रागावणं त्याला झेपत होतं. तुझ्यावर रागावणं झेपलं नसतं त्याला. घरात दोघंच तुम्ही."

पुवना खुराड्याशी बसली आणि रडली. दोन महिने ती एकदाही रडली नव्हती, रडण्याचा हक्क आपल्याला नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. हाशिमने तिला गप्प केलं नाही. कोंबड्यांना दाणे टाकत राहिला.

"आता अप्पांना कळलंय सगळं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता ते येतील तुमच्याकडे."

"नाही यायचा."

"येतील. मी सांगते त्यांना."

"पोरी, एकोणीस वर्षं ओळखतो त्याला. राग असता तर कधीतरी आला असता, भांडायला का होईना. आता त्याला लाज वाटणार. लाजेला पाय नसतात."

"मग तुम्ही चला ना. आत्ता चला माझ्याबरोबर."

हाशिमने खरोखरच घराकडे पाहिलं, सदरा घालायचा विचार करत असल्यासारखं. मग मान हलवली. "मी दारात उभा राहिलो तर मेल्याहून मेला होईल तो. त्याला सांग, आला की मी काही विचारणार नाही. आणि वानीचा फोन घे आज. रोज मलाच विचारते, घेतला का म्हणून."

ती परतली तेव्हा मुनियाण्डी पायरीवर बसला होता. ती कुठे गेली होती हे त्याने विचारलं नाही.

"काय म्हणाला?"

आता खोटं बोलणं किती सोपं होतं. हसले, चहाला बोलावलंय म्हणाले. मुनियाण्डीने ते आनंदाने गिळलं असतं. पण सकाळीच एक खरं सांगून झालं होतं, आणि दुसरं लपवलं तर पुन्हा तेच सुरू होणार होतं. ती त्याच्या शेजारी बसली.

"त्यांना माहीत होतं, अप्पा. पहिल्या रात्रीपासून. तुम्ही माझ्यावर रागवू नये म्हणून बोलले नाहीत."

मुनियाण्डीने चष्मा काढून हातात घेतला. "मी टपरीवर जे जे बोललो, ते सगळं ऐकताना त्याला माहीत होतं?"

"हो."

"सगळं?"

"आला तर काही विचारणार नाही, म्हणालेत."

तो उठला, आत गेला, अर्ध्या इस्त्रीचा सदरा अंगात चढवला, बटणं लावली, पायरी उतरून फाटकापर्यंत गेला. पुवना पायरीवरून बघत होती. फाटकाची कडी त्याने हातात धरली, बराच वेळ धरून ठेवली, मग सोडली आणि परत आला. "उद्या जातो," तो म्हणाला.

दुपारी तिने सलवानीचा फोन घेतला. दोघी फारसं काही बोलल्या नाहीत. सलवानी रडली, मग तिथल्या जेवणाला नावं ठेवली, मग घंटा झाली म्हणून गेली.

सोमवारी मुनियाण्डी गिरणीत गेला आणि मुकादमाला सांगून त्याने पाळी बदलून घेतली. हाशिम दिवसपाळीला असे, त्याची गाठ पडू नये म्हणून याने रात्रपाळी मागितली. पुवना शाळेतून येई तेव्हा तो झोपलेला असे. संध्याकाळी उठून डबा घेई, तिच्याकडे न बघता "अभ्यास कर" म्हणे आणि सायकल काढे. मग पुवना फाटकाला कडी घाली आणि घरात एकटीच अभ्यासाला बसे.